मधली वर्षं : प्रस्तावना

कल्याणच्या जोशांच्या घरातल्या यमुनेची, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशींची, गोष्ट इथल्या शाळांमधून आजही सांगितली जाते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ आणि दहा दिवसांत त्याचा मृत्यू, त्यातून डॉक्टर व्हायचा ध्यास, नवरा गोपाळराव यांचा हट्ट, १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय केलेला अमेरिकेचा प्रवास, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम.डी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीस पुरी व्हायला महिना उरला होता. आनंदीबाईंच्या या गोष्टीत आजार नेहमी शेवटी येतो.

प्रत्यक्षात तो आधीपासून होता. अमेरिकेला निघण्यापूर्वी, बंगालमध्ये असतानाच, त्यांना सततची डोकेदुखी होती, अशक्तपणा होता, मधूनमधून ताप यायचा, धाप लागायची. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी पत्रांमधून हे वाचून तिकडून औषधं पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे फिलाडेल्फियातली थंडी, परकं जेवण, परकी भाषा, जाडजूड वैद्यकीय पुस्तकं आणि शेवटी बाळंतशास्त्रावरचा प्रबंध, हे सगळं बिघडत्या तब्येतीनिशी झालं. पत्रांवरून आज त्यांच्या मेंदूचं निदान करण्याचा खुळेपणा मी करणार नाही. पण पदवीदान समारंभापेक्षा मला त्या तीन वर्षांतल्या साध्या संध्याकाळींबद्दल कुतूहल वाटतं. वाचलेलं पान डोक्यात न शिरल्यावर ही मुलगी काय करत असेल? झोपत असेल, की दिवा मोठा करून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करत असेल? चरित्रकारांना या प्रश्नात फारसा रस नसतो. दीर्घ आजार असलेल्या माणसाचं आयुष्य मात्र याच प्रश्नात गेलेलं असतं.

मराठीत आजारपणावर लिहिलं गेलं नाही असं नाही. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घरोघरी पोचलं. पद्मजा फाटक यांनी 'हसरी किडनी' लिहून मूत्रपिंडाच्या आजाराची कथा आपल्या खास ढंगात सांगितली. या आजारांना एक अवयव आहे, एक तारीख आहे, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवावी अशी जागा आहे. दुर्गाबाई भागवतांचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. आदिवासींच्या अभ्यासासाठी मध्य प्रदेशात हिंडत असताना विषारी सुरण पोटात गेला आणि पुढची कित्येक वर्षं अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. पुढच्या दुर्गाबाई सगळ्यांना माहीत आहेत. त्या अंथरुणातल्या वर्षांबद्दल आपण एका वाक्यात बोलून पुढे जातो.

हे पुस्तक त्या वाक्याबद्दल आहे. निदान झालेलं आहे, मरण जवळ नाही, पूर्ण बरं होण्याचं आश्वासन कोणी देत नाही, आणि उद्या सकाळी डबा करायचा आहे, अशा स्थितीतल्या माणसांसाठी ते लिहिलं आहे. त्यातही, शरीर दुखण्याबरोबर ज्यांचं डोकंही मंदावतं अशांसाठी. मी स्वतः त्यांच्यातली एक आहे, संधिवाताची. इथे काही लिहायचं तर लिहिणाऱ्याचीच पंचाईत होते, कारण अवजार तेच आणि बिघाडही तिथेच. प्रकरणं छोटी आहेत त्याचं कारण हे आहे, शैलीबिली काही नाही.

डोकं असं मंदावतं त्याला ब्रेन फॉग, डोक्यातलं धुकं, म्हणतात; ते कुठल्या एका रोगाचं नाव नव्हे. संधिवात, ल्यूपस, फायब्रोमायल्जिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, मंदावलेलं थायरॉइड, केमोथेरपीनंतरचे महिने, रजोनिवृत्तीचा काळ, कोविडनंतरचं दुखणं, या सगळ्यांत तो वेगवेगळ्या वाटांनी येतो. अनुभव मात्र आश्चर्य वाटावं इतका सारखा. रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव ऐन वेळी सुचत नाही. दोघं एकदम बोलायला लागले की दोघांचंही कळत नाही. बँकेतला फॉर्म तीनदा वाचूनही कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते उमगत नाही. आणि रात्री नऊ वाजता गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत उभं राहायचं: घेतली, की घ्यायची आहे? बुद्धी शाबूत असते. मंदावतो तो वेग, आणि एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी कमी होतात. आपलं काहीतरी चुकतंय हे त्या माणसाला स्वच्छ दिसत असतं, आणि तेच जास्त छळतं.

हे कुठेही अवघडच, पण कल्याण-डोंबिवलीत जरा जास्त. इथला माणूस मिनिटांवर जगतो. घरातून निघायची वेळ 'सव्वासात' नसते, 'सात सतरा' असते. कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची वाट फुटते. इंडिकेटर वाचायचा, फास्ट की स्लो बघायचं, ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा गर्दीच्या कालव्यातून वेगळी काढायची, पूल चढून पलीकडे धावायचं. निरोगी मेंदू हे करतो तेव्हा आपण काही केलं असं त्याला वाटतही नाही. विठ्ठलवाडीला जायचं असताना शहाडला उतरलेली माणसं मला ठाऊक आहेत. घरी सांगितलं तर हसं होतं म्हणून ती सांगत नाहीत. पुढे ऑफिसात उशिरा पोचण्याची सवय, मग 'हल्ली लक्ष नसतं यांचं' हा शेरा, मग स्वतःलाही तो पटायला लागणं. मला भेटलेल्या बहुतेकांनी डॉक्टरांकडे जायच्या आधी काही वर्षं स्वतःला आळशी म्हणवून घेण्यात घालवली आहेत.

वैद्यकशास्त्रानेही बराच काळ काही वेगळं म्हटलं नाही. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे तुम्ही नॉर्मल. हे बदललं ते बऱ्याच अंशी रुग्णांच्या चिकाटीमुळे, आणि कोविडमुळे. २०२० मध्ये अत्यावश्यक सेवेतली कितीतरी माणसं रोज कल्याण-डोंबिवलीतून मुंबईला कामावर जात होती, आजारी पडत होती, बरी होऊन पुन्हा रुजू होत होती. आणि मग त्यांच्यातल्या काहींच्या लक्षात येत होतं की हिशेब जमत नाहीत, शब्द सापडत नाहीत. जगभर हेच चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनंतरच्या आजाराची जी व्याख्या केली तिच्यात थकवा आणि धाप यांच्याबरोबर विचारशक्तीतला बिघाड नावानिशी नोंदवला. त्याच महिन्यात ब्रिटनच्या नाईस या संस्थेने दीर्घ थकव्याच्या आजारासाठी, म्हणजे एमई-सीएफएससाठी, नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ठरलेल्या चढत्या मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला. त्या व्यायामाने आपण आणखी खाली जातो हे रुग्ण कितीतरी वर्षं सांगत होते.

आता कामाचं. या पुस्तकातलं पहिलं प्रकरण युक्त्यांचं नाही, तपासण्यांचं आहे, आणि ते गाळून कोणी पुढे जाऊ नये. दीर्घ आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत एक सोपी चूक सगळेच करतात: जे काही होईल ते त्या एका आजाराच्या खात्यावर टाकायचं. संधिवात आहे ना, मग होणारच. पण डोकं मंदावण्याची काही कारणं अगदी साधी आणि दुरुस्त होणारी असतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुण्याच्या परिसरातल्या दोनशेच्या वर प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं होतं. शाकाहारी घर असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं पोटात जात असेल, तर शक्यता आणखी वाढते. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचं थायरॉइड मंद आढळलं होतं. हिमोग्लोबिन आणि लोह, रक्तातली साखर, झोपेत घोरताना श्वास अडकणं, मनाची उदासी, ही यादी डॉक्टरांबरोबर बसून एकदा पुरी करून घ्यावी.

थायरॉइडची गोळी चालू असूनही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते: चहा कधी घेता? ती गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, शक्यतो तासभर काही घ्यायचं नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आपल्याकडे उठल्या उठल्या चहाचा कप हातात असतो आणि सगळ्या गोळ्या एका घोटात जातात, मग बिचारी गोळी काय काम करणार? केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. आणि पिशवीतली बाकीची औषधंही एकदा टेबलावर ओता. सर्दीच्या जुन्या धर्तीच्या गोळ्या, दुखण्यासाठी रात्री दिलेली अमिट्रिप्टिलिन किंवा प्रिगॅबालिन, झोपेची गोळी, यांनीही डोक्यावर झापड येते. वेगवेगळ्या तीन डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची एकत्र यादी बहुतेक वेळा कोणत्याच डॉक्टरांनी पाहिलेली नसते. ती दाखवणं आपलं काम. त्यातलं काय बंद करायचं ते ठरवणं त्यांचं. विशेषतः स्टेरॉइड आपल्या मनाने कधीच थांबवायचं नसतं.

ओपीडीत मिळणारी मिनिटं थोडी असतात, आणि नेमकं तेव्हाच डोकं कोरं होतं. म्हणून कागद. 'विसरायला होतं' असं सांगितलं की डॉक्टर म्हणतात, सगळ्यांनाच होतं. 'या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला, एकदा घरचा रस्ता चुकले' असं लिहून नेलं की ते पेन खाली ठेवतात. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते: अचानक, तासाभरात आलेला गोंधळ, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, तापात असंबद्ध बडबड, हा ब्रेन फॉग नाही. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.

तपासण्या झाल्या, दुरुस्त होणारं दुरुस्त झालं, तरी बऱ्याच जणांचं काही धुकं उरतं. मग स्वयंपाकघरापासून सुरुवात करायची, कारण खरी धास्ती तिथे असते. कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे धुक्यातल्या बाईला न झेपणारं काम आहे. दुसरी झाली की तिसरी, यावर घरात वाद होतात. शिट्ट्या सोडा, फोनवर गजर लावा. दुधासाठी शिट्टी वाजणारा मिल्क कुकर घ्या. शक्य असेल तर आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा रविवारी भरा, कोणीतरी शेजारी बसून. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली, एवढा साधा न्याय. किल्ली, चष्मा, पास यांची जागा दारापाशी आणि फक्त तिथेच. एका वेळी एकच शेगडी. यातलं काहीही नवं नाही. आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या. १९७३ पासून 'कालनिर्णय'च्या चौकटींत दूध, गॅसचा नंबर, इस्त्रीचे कपडे आणि बाईचे खाडे लिहिले जातात. आठवण डोक्याबाहेर ठेवण्यात आपण मुळीच अडाणी नाही. फक्त ते आजारी माणसाने केलं की त्याला कमीपणा का वाटावा, हे मला कळत नाही.

पोळीभाजी केंद्रावरून पोळ्या आणण्याबद्दलही तेच. कल्याण-डोंबिवलीत अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, नोकरी करणाऱ्या बायकांच्या जिवावर ती वाढली, आणि तरीही आजारी बाई पोळ्या विकत आणते तेव्हा पिशवी दुपट्ट्याखाली झाकते. झाकू नका.

घरातल्यांना मात्र थोडं खडसावून सांगायला हवं. आपल्या बहुतेक घरांत आठवण ठेवणं हे एका बाईचं न लिहिलेलं काम असतं. कोणाची परीक्षा कधी, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली, पाणी किती वाजता सुटणार, मावसनणंदेकडचं हळदीकुंकू, लाइटचं बिल. ती बाई आजारी पडली की तिच्या एकटीच्या नव्हे, सगळ्या घराच्या डोक्यावर धुकं येतं, आणि दोष तिला लागतो. उलट घरातला पुरुष आजारी पडला की बायको काही न बोलता त्याची स्मरणवही होते, आणि ते काम आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: यादी भिंतीवर लावा आणि ती वाचण्याची जबाबदारी वाटून घ्या. आणि 'अहो, सकाळीच सांगितलं होतं तुम्हाला' हे वाक्य काढून टाका. त्याने आठवत काही नाही. पुढच्या वेळी विचारायची भीती तेवढी बसते.

शक्ती बेताने खर्च करण्याबद्दल एक प्रकरण पुढे आहे. ल्यूपस असलेल्या क्रिस्टीन मिझरांडिनो या अमेरिकन बाईने २००३ मध्ये एका लेखात प्रसंग सांगितला: हॉटेलातल्या टेबलांवरचे चमचे गोळा करून तिने मैत्रिणीच्या हातात दिले आणि प्रत्येक कामाला एकेक परत घेतला. रात्रीच्या जेवणापर्यंत एकच चमचा उरला. तेव्हापासून जगभरचे रुग्ण चमच्यांत बोलतात. आपल्याकडे ही गोष्ट गौरी-गणपतीत समजते. एरवी जपून राहणारी बाई त्या दिवसांत बरं वाटतंय म्हणून उकडीचे मोदक करते, सवाष्ण जेवू घालते, मखराचं आवरते, आणि सगळे म्हणतात, बघा, मनात आणलं तर जमतं. विसर्जनानंतर दोन दिवसांनी ती कोसळते तेव्हा बघायला कोणी नसतं. काही आजारांमध्ये, विशेषतः एमई-सीएफएसमध्ये, श्रमाची फेड अशी दिवस-दोन दिवस उशिरा होते, आणि श्रम म्हणजे केवळ अंगमेहनत नव्हे. तासभर पाहुण्यांशी गप्पा हेही श्रमच. थकल्यावर बसणं उपयोगाचं नाही, थकायच्या आधी बसावं लागतं. हे समजायला सोपं आणि करायला फार कठीण आहे, कारण बसलेली बाई ठणठणीत दिसते.

न दिसणाऱ्या आजाराचा आणखी एक त्रास लोकलमध्ये होतो. कॅन्सरचे रुग्ण दिव्यांगांच्या डब्यातून जाऊ शकतात. पण डोक्यावर केस पुन्हा आले की त्यांनाही नजरा सोसाव्या लागतात. बाकीच्यांचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, सिकलसेल, थॅलेसेमिया त्यात आहेत. ल्यूपस, फायब्रोमायल्जिया, एमई-सीएफएस यांची नावं त्यात नाहीत, आणि प्रमाणपत्राचे फायदे ४० टक्क्यांपासून सुरू होतात. टक्केवारी सांध्याची मोजता येते. दुपारी तीननंतर न चालणाऱ्या डोक्याची कशी मोजणार? हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत निदान ऑफिसात मागता येण्याजोग्या गोष्टी मागाव्यात: सूचना तोंडी न देता लेखी द्या, महत्त्वाची बैठक सकाळी ठेवा, गर्दीची वेळ टाळून यायला परवानगी द्या. यातल्या एकीलाही पैसे पडत नाहीत.

हे पुस्तक तुम्हाला बरं करणार नाही. सकारात्मक विचारांची प्रकरणंही यात नाहीत. ती इतरत्र पुष्कळ मिळतात. जे आहे ते वापरून पाहिलेलं आहे, माझ्या घरात किंवा ओळखीच्या घरांत, आणि जे डॉक्टरांच्या अखत्यारीतलं आहे ते त्यांच्याकडेच सोपवलं आहे.

वाचण्याबद्दल एक विनंती. सलग वाचू नका. तपासण्यांचं पहिलं प्रकरण झालं की कुठलंही पान उघडा, दहा मिनिटं वाचा, खूण घाला आणि मिटा. उद्या आठवलं नाही तर पुन्हा तेच वाचा, काही बिघडत नाही. पुस्तक आजारी माणसाने विकत घेतलं असेल तर 'घरातल्यांसाठी' हे प्रकरण घरातल्यांनी आधी वाचावं. आणि वाचताना एखादी युक्ती तुमच्याकडे याहून चांगली निघाली, तर ती समासात पेन्सिलीने लिहा आणि ज्याला गरज आहे त्याला पुस्तक त्या समासासकट द्या.